दादरची रविवारची क्लासिकल स्पर्धा: क्लब प्लेअरला मोठा डाव खेळायला मिळतो तेव्हा

मुंबईत बुद्धिबळाच्या स्पर्धा कमी नाहीत, पण आमच्यासारख्या १५००-१७०० रेटिंगवाल्यांना जे मिळतं ते बहुतेक एकदिवसीय रॅपिड (कमी वेळाचे डाव) असतं, सकाळी नऊला रिपोर्टिंग, संध्याकाळी बक्षीस वाटप, मध्ये धावतपळत सात-आठ डाव आणि घरी आल्यावर त्यातला एकही डाव धड आठवत नाही. म्हणून दादर वेस्टच्या एका छोट्या क्लबने रविवारची क्लासिकल (लांब वेळाच्या डावांची स्पर्धा) ठेवलीय असं कळलं तेव्हा मी लगेच नाव दिलं. तीन रविवार, दर रविवारी दोन राउंड, टाइम कंट्रोल म्हणजे प्रत्येकाच्या क्लॉकवरचा वेळ ९० मिनिटं अधिक पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद, फी हजाराच्या आत. संपूर्ण खेळून झालीय, आता सविस्तर लिहिते कारण अशा स्पर्धांबद्दल कोणी लिहीतच नाही, फक्त पोस्टर फिरतं आणि मग रिझल्ट फिरतो, मधलं काहीच कळत नाही.

आधीच सांगते, मला स्पर्धा खूप आवडली आणि पुढच्या वेळी मी परत जाणार. तक्रारी आहेत, त्या पण लिहिणार आहे.

वेळेचं गणित आधी समजून घ्या. ६० चालींचा डाव धरला तर ९० मिनिटं अधिक ६० वेळा ३० सेकंद म्हणजे प्रत्येकाला दोन तास, दोघांचे मिळून चार. सकाळी साडेनऊला बसलात तर दीड-दोन वाजू शकतात, मग जेवण, मग दुसरा राउंड संध्याकाळी सातपर्यंत. म्हणजे अख्खा रविवार जातो, घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. पण शनिवार-रविवार सलग दोन दिवस देण्यापेक्षा हे मला जास्त झेपलं, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना शनिवारी ऑफिस असतं आणि मधल्या आठवड्यात आपला डाव शांतपणे बघता येतो, काय चुकलं काय बरोबर ते पुढच्या रविवारच्या आत कळतं. कुठल्याही कोचिंग क्लासमध्ये मला एवढं शिकायला मिळालेलं नाही.

डिफॉल्ट टाइम, म्हणजे उशिरा पोचायची मुभा, ३० मिनिटं ठेवला होता आणि यासाठी आयोजकांना मनापासून थँक्यू. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमात आयोजकांनी वेगळं काही जाहीर केलं नाही तर डिफॉल्ट टाइम शून्य असतो, म्हणजे राउंड सुरू झाला आणि तुम्ही खुर्चीत नाही तर डाव गेला. रविवारी मेगाब्लॉक असतो हे माहीत असणाऱ्या माणसाने हा निर्णय घेतलाय हे लगेच कळतं. डोंबिवली, विरार, पनवेल सगळीकडून लोक येतात, एखाद्याची गाडी वीस मिनिटं रखडली म्हणून आठवडाभर वाट बघितलेला डाव न खेळता जाणं फार वाईट. ३० मिनिटांत बहुतेक सगळे पोचले, घड्याळ मात्र सुरू झालेलं असतं तेवढं लक्षात ठेवा.

हॉल पहिल्या मजल्यावर, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. बोर्ड व्हिनाइलचे गुंडाळायचे पण बरोबर साइजचे, मोहरे वजनदार प्लास्टिकचे, राजा साडेनऊ सेंटीमीटरचा, म्हणजे फिडे सांगतं तसाच. हे लिहायचं कारण असं की काही ठिकाणी लहान घरावर मोठे मोहरे ठेवतात आणि तासाभराने मधल्या घरांत काय चाललंय तेच दिसेनासं होतं. क्लॉक सगळे डिजिटल, सगळ्यांवर इन्क्रिमेंट (दर चालीला वाढणारे ते ३० सेकंद) नीट सेट केलेलं, आणि राउंड सुरू होण्याआधी आर्बिटर म्हणजे पंच स्वतः प्रत्येक बोर्डाजवळ जाऊन बघत होते. मोबाइल दाराशी बंद करून नावाच्या पाकिटात जमा करायचा, टोकन मिळतं. पहिल्या दिवशी रांग लागली पण कोणी कटकट केली नाही, आणि डावात कोणाचा फोन वाजला म्हणून डाव गेला असं एकदाही झालं नाही.

आर्बिटर हा या स्पर्धेचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. माझ्या शेजारच्या बोर्डवर एका लहान मुलाने शहातून जाणारं कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, राजा शहाच्या घरावरून नेता येत नाही) केलं आणि क्लॉक दाबला, समोरच्याने हात वर केला. आर्बिटर आले, दोन्ही क्लॉक थांबवले, आधीची पोझिशन लावली, समोरच्याला दोन मिनिटं वाढवून दिली आणि मुलाला शांतपणे सांगितलं की राजाला हात लागलाय तेव्हा आता राजाचीच दुसरी कायदेशीर चाल करायची, आणि अशी चाल दुसऱ्यांदा झाली तर डाव जाईल. मुलगा रडवेला झाला होता, त्याला पाणी दिलं, मग क्लॉक सुरू. आवाज न चढवता, आईबाबांना आत न येऊ देता, एवढ्या नीट हे झालं की मी माझी चाल सोडून तिकडेच बघत होते. अनेक ठिकाणी अशा वेळी 'जाऊ दे, लहान आहे' म्हणून चाल परत घ्यायला लावतात आणि मग समोरच्यावर अन्याय होतो.

आता ज्या डावामुळे मी हे सगळं लिहायला बसले तो डाव. समोर डोंबिवलीचे एक काका, रिटायर्ड, रेटिंग माझ्याच आसपास. (मार्च २०२४ मध्ये फिडेने रेटिंगची खालची मर्यादा १४०० केली आणि २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग वर सरकवलं, १५०० वाला थेट १७०० झाला, त्यामुळे आकड्यावरून घाबरू नका, माणसं तीच आहेत.) माझ्याकडे पांढरे. (पुढे अक्षर म्हणजे उभी फाईल, आकडा म्हणजे आडवी रांग.) ई४ ई५, घोडे बाहेर, उंट सी४, त्यांचा उंट सी५, मग माझं सी३ आणि डी४, म्हणजे जुनी इटालियन. त्यांनी प्यादं मारलं, बी४ वरून उंटाचा शह दिला, मी उंट डी२ ला मध्ये घातला, उंट बदलले आणि त्यांनी लगेच डी५ करून सेंटर फोडलं. इथपर्यंत दोघांनाही पाठ होतं, पाच मिनिटंसुद्धा गेली नाहीत.

यानंतर डाव खरा सुरू होतो. माझं डी४ चं प्यादं एकटं पडलेलं, आजूबाजूच्या फाईलवर आधाराला दुसरं प्यादं नाही, पण बदल्यात माझे मोहरे मोकळे आणि ई फाईल उघडी. काकांनी काय केलं तर डी५ वर घोडा बसवला, सी६ चा घोडा ई७ ला आणून त्याला आधार दिला, सी६ ला प्यादं लावून अजून पक्का केला. एकट्या प्याद्यासमोर घोडा बसवायचा आणि मग एकेक मोहरा बदलत जायचं, मोहरे जेवढे कमी होतील तेवढं ते प्यादं ओझं होतं. पुस्तकात सगळे वाचतात पण रॅपिडमध्ये एवढ्या शिस्तीने कोणी खेळत नाही, समोरच्याने किंगसाईडला दोन मोहरे वळवले की घाबरून घोडा हलवतात. काकांनी एका चालीला अठरा मिनिटं घेतली आणि घोडा हलवला नाही. मी समोर बसून वाट बघत होते आणि मला आतून बरं वाटत होतं, की समोरचा माणूस खरोखर विचार करतोय, आपल्या चालीला तेवढा मान देतोय.

मी एफ७ वर हल्ला होतो का बघितलं, घोडा ई४ ला आणला, तिथून डी६ ला घुसायची धमकी दिली, पण त्यांनी प्रत्येक वेळी बरोबर मोहरा बदलला. वजीर गेले, घोडे-उंट गेले, तिसाव्या चालीच्या आसपास दोघांकडे एकेक हत्ती आणि प्यादी उरली. डी४ आता दोन चालींत पडणार होतं. ते धरून बसायचं म्हणजे हत्ती त्याच्या मागे बांधून ठेवायचा आणि मग त्यांचा राजा आरामात मध्ये येणार. मी ते प्यादं सोडलं आणि हत्ती सातव्या रांगेत घुसवला. या चालीवर मी बराच वेळ घालवला आणि आजही ती मला डावातली माझी सगळ्यात चांगली चाल वाटते. रूक एंडिंगमध्ये, म्हणजे फक्त हत्ती आणि प्यादी उरल्यावर, एक प्यादं कमी पण हत्ती फिरता असला तर डाव वाचवायला जागा असते, आणि बांधलेला हत्ती घेऊन बसलात तर एखादा तास त्रास सहन करून शेवटी हरायचंच असतं.

मधल्या मारामारीत ए आणि बी फाईलची प्यादी दोघांचीही संपली, त्यांच्याकडे सी फाईलचं प्यादं जास्तीचं. ते पुढे ढकलायला त्यांचा राजा निघाला, माझा राजा त्या प्याद्याच्या वाटेत जाऊन बसला, आणि तेवढ्यात त्यांचा हत्ती माझी किंगसाईड खातोय आणि माझा हत्ती त्यांची, असं चालू. बघता बघता बोर्ड रिकामा झाला. काळ्याचा राजा डी४, प्यादं सी४, हत्ती एच२. माझा राजा सी१, पहिल्या रांगेत अडकलेला, आणि हत्ती जी३.

ज्यांना एंडगेम माहीत आहे ते ओळखतील, हा फिलिडोरचा बचाव. १८व्या शतकातल्या त्या फ्रेंच खेळाडूचं नाव आजही रोज दादरच्या हॉलमध्ये उपयोगी पडतं. हत्ती तिसऱ्या रांगेत ठेवायचा म्हणजे काळ्याच्या राजाला पुढे येता येत नाही, आणि आपण त्याच रांगेत हत्ती इकडून तिकडे करत राहायचं. समोरच्याला काहीतरी करायचं तर प्यादंच पुढे ढकलावं लागतं. ते सी३ ला आलं की मात्र रांग सोडायची, त्याच चालीला, कारण आता काळ्याचा राजा सी४ वरून बी३ ला जाऊन प्याद्याच्या आड लपू शकतो आणि तिसऱ्या रांगेतला हत्ती त्याला काही करू शकत नाही. म्हणून हत्ती थेट आठव्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेलेलं असल्यामुळे राजाला मागून येणाऱ्या शहापासून लपायला जागाच उरत नाही. नव्याने शिकणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट पाठ केली तरी वर्षाला दोन-तीन हरलेले वाटणारे डाव वाचतील, खरंच सांगते.

काकांना हे माहीत होतं. ते घाई न करता हत्ती फिरवत राहिले, कधी पहिल्या रांगेत शह, कधी परत दुसऱ्या रांगेत, मी कंटाळून रांग सोडते का बघत होते. माझ्या क्लॉकवर चार मिनिटं, त्यांच्या सहा, आणि दर चालीला ३० सेकंद परत येतायत. ही वाढीव सेकंदांची कल्पना बॉबी फिशरची, १९८९ मध्ये त्याला अमेरिकेत या क्लॉकचं पेटंट मिळालं, आणि १९९२ च्या माजी जगज्जेत्या बोरिस स्पास्कीबरोबरच्या मॅचमध्ये तो वापरला गेला. त्या ३० सेकंदांचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला. इन्क्रिमेंट नसतं तर शेवटच्या मिनिटात दोघांनी नुसते मोहरे आपटले असते आणि ज्याचा हात जलद तो जिंकला असता, इथे प्रत्येक चाल श्वास घेऊन, बघून, लिहून करता येत होती.

लिहून, हा शब्द महत्त्वाचा आहे. शेवटी काकांनी सी३ ढकललं, मी हत्ती जी८, त्यांचा राजा डी३ ला आला (आता एच१ वर हत्ती आणून मात करायची धमकी होती), मी डी८ वरून शह, राजा सी४, मी सी८ वरून शह, राजा डी३, परत डी८, परत सी४, परत सी८, परत डी३. आता मी डी८ खेळले असते तर तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली असती. नियम असा की चाल बोर्डवर करायची नाही, आधी स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) लिहायची आणि आर्बिटरला बोलावून सांगायचं की मी ही चाल करणार आहे आणि तिने पोझिशन तिसऱ्यांदा येते. चाल करून क्लॉक दाबला की त्या वेळचा हक्क गेला. मी लिहिलं, क्लॉक थांबवला, हात वर केला.

काकांना वाटत होतं की दोनदाच झालंय. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "सर, एकदा बघून घ्या." आर्बिटरनी दोघांच्या स्कोअरशीट घेतल्या, शेजारच्या रिकाम्या बोर्डवर पोझिशन लावली, एकेक चाल खेळून दाखवली, तिसऱ्यांदा आल्यावर दोघांकडे बघितलं आणि ड्रॉ दिला. माझा क्लेम चुकला असता तर काकांना दोन मिनिटं जास्त मिळाली असती आणि मला डी८ खेळावंच लागलं असतं, हेही त्यांनी तिथेच समजावलं. क्लासिकलमध्ये ३० सेकंदांचं इन्क्रिमेंट असलं की शेवटच्या मिनिटातही चाली लिहाव्याच लागतात, आणि त्यामुळेच हा क्लेम पाच मिनिटांत सिद्ध झाला. रॅपिडमध्ये लिहायची सक्ती नसते, तिथे हीच पोझिशन असती तर माझा शब्द आणि काकांचा शब्द, एवढंच उरलं असतं.

हात मिळवल्यावर काका हसले आणि म्हणाले, "अगं, तुला त्या रांगेतून हलवायला मी किती प्रयत्न केले, हललीच नाहीस." मग आम्ही तो डाव परत लावायला जागा शोधत होतो, आणि इथे माझी पहिली तक्रार. या स्पर्धेत ॲनालिसिससाठी वेगळी खोलीच नाही. हॉलमध्ये बोलता येत नाही, ते बरोबरच आहे, बाहेर पॅसेजमध्ये पालकांची गर्दी, शेवटी जिन्याच्या पायरीवर पॉकेट सेट उघडून बसलो. काकांनी मला दाखवलं की पस्तिसाव्या चालीला त्यांनी राजा आधी आणला असता तर माझा राजा सी फाईलवर वेळेत पोचला नसता, मी दाखवलं की तेव्हा मी हत्ती सहाव्या रांगेत नेऊन त्यांचा राजा अडवणार होते, आणि मग अजून दोघंजण थांबून वाकून बघायला लागले आणि जिना बंद झाला. हरल्या-जिंकल्यानंतर समोरच्याबरोबर बसून डाव बघणं हा क्लासिकलचा अर्धा फायदा आहे, त्याला एक टेबल आणि दोन सेट द्यायला हवेतच.

बाकी तक्रारी पटापट. दुसऱ्या राउंडची पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ती यादी) प्रत्येक रविवारी उशिरा लागली, एका दिवशी तर पाऊण तास, कारण एक लांबलेला डाव संपायची वाट बघावी लागते हे मान्य, पण मग लोकांना खरी वेळ सांगा, तोपर्यंत माणूस निवांत जेवून तरी येईल. भिंतीकडच्या शेवटच्या बोर्डांवर उजेड कमी आहे आणि एक पंखा आवाज करतो. बायकांसाठी वेगळं टॉयलेट आहे पण त्याची चावी ऑफिसमधून मागून आणावी लागते, आपला क्लॉक चालू असताना चावी शोधत फिरणं बरोबर नाही, हे मी आयोजकांना तोंडी सांगितलंय आणि त्यांनी ऐकून घेतलं. मुली आणि बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ज्या शहरातून खाडिलकर बहिणी आल्या, १९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा वासंतीताईंनी जिंकली, पुढे जयश्रीताई आणि रोहिणीताईंनी ते विजेतेपद घरातच ठेवलं, १९८१ मध्ये रोहिणीताई आशियाई विजेत्या झाल्या, त्या शहरात क्लब लेव्हलला आम्ही एवढ्याच असाव्यात याचं मला वाईट वाटतं. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा वर्ल्ड कप जिंकल्यावर लहान मुली क्लासला यायला लागल्यात हे मी बघतेय, पण त्यांना दिवसभराच्या स्पर्धेत बसवायचं तर अशा साध्या सोयी आधी लागतात.

जेवायचं म्हणाल तर हॉलवर फक्त चहा-बिस्किटं आहेत. दोन राउंडच्या मध्ये वेळ असेल तर गोखले रोडवर प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष, पण रविवारी तिथे रांग असते, तासाभराचा ब्रेक असेल तरच जा. नाहीतर डबा आणा, मी दुसऱ्या रविवारपासून डबाच नेला आणि दुपारच्या राउंडला डोकं जास्त ताजं राहिलं.

कोणी जावं? ज्याला कॅसलिंग, टच-मूव्ह (हात लावलेला मोहराच हलवायचा), चाली लिहिणं हे नीट येतं आणि चार तास एका जागी बसायची तयारी आहे त्याने नक्की. फिडे रेटेड आहे, त्यामुळे ऑल इंडिया चेस फेडरेशनचं त्या वर्षाचं रजिस्ट्रेशन आधी करून ठेवा, शेवटच्या दिवशी होत नाही म्हणून दोन जणांना परत जावं लागलं. अगदी नवीन मुलांना मात्र मी आधी रॅपिड खेळवा म्हणेन, कारण पहिल्याच क्लासिकलमध्ये वीस मिनिटांत सगळ्या चाली संपवून उरलेला वेळ छताकडे बघत बसणारी मुलं मी बघितली आणि त्यांचे आईबाबा बाहेर ताटकळत होते. बक्षिसं छोटी आहेत, पैशासाठी येणाऱ्याला आवडणार नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आयोजकांना एवढंच सांगणं आहे की पुढच्या वेळी पॅसेजच्या टोकाची ती सामान ठेवायची खोली दोन टेबलं टाकून ॲनालिसिससाठी उघडा, टॉयलेटची चावी दारालाच ठेवा, आणि टाइम कंट्रोलला मात्र हात लावू नका, कोणी कितीही म्हटलं की ६० मिनिटं करा, राउंड लवकर संपतील, तरी ९० अधिक ३० असंच राहू द्या. काका पण येणार आहेत, त्यांनी जिन्यावरच सांगितलं, या वेळी त्यांना पांढरे हवेत.